ठशाविना शुद्धता : खामगावची चांदी आणि तिचा अनाम कारागीर

प्रस्तावना :

शेकोटीच्या वरील फळीवर ठेवण्याचे चांदीच्या आवरणाचे जुने इंग्रजी घड्याळ अभ्यासकाच्या हाती आले म्हणजे त्याचा इतिहास त्याच्याच अंगावर वाचावयास मिळतो. यंत्र घड्याळजीने केलेले असते, तर आवरण रजतकाराने घडविलेले असते. इंग्लंडमध्ये इ.स. १३०० च्या कायद्याने चांदीची शुद्धता शेकडा ९२.५ निश्चित झाली. १३६३ मध्ये कारागिराची खूण सक्तीची झाली आणि १४७८ पासून वर्षदर्शक अक्षर उमटविण्यात येऊ लागले. त्यामुळे अशा घड्याळाच्या आवरणाचा कारागीर शतकानंतरही ओळखता येतो. बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे शहर ‘रजतनगरी’ म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु तेथील जुन्या कारागिरांना असा राजमान्य ठसा उपलब्ध नव्हता. ठसा नसताना शुद्धतेला एवढे महत्त्व का आले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कापसाची बाजारपेठ आणि रोख पैसा :

इ.स. १८२० च्या सुमारास खामगाव येथे व्यापारी पेठ वसली. १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा सुमारे आठ मैलांचा लोहमार्ग सुरू होऊन ही पेठ मुंबई बंदराशी जोडली गेली. त्या वेळी अकोला जिल्ह्यात असलेले खामगाव १९०५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात समाविष्ट झाले. कापसाचा मोबदला चांदीच्या रुपयांत मिळत असे. बँकेची सोय नसलेल्या शेतकऱ्याने सुगीच्या दिवसांतील शिल्लक गोट, वाळे, तोडे, साखळी यांच्या रूपाने घरात ठेवावी, हे स्वाभाविकच होते. दागिना हा स्त्रीचा शृंगार तर होताच, त्याशिवाय तो कुटुंबाची ठेवही होता.

१८९३ चा निर्णय आणि दागिन्याचे मोल :

१८३५ च्या कायद्यानुसार रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम होते आणि त्यात अकरा-द्वादशांश शुद्ध चांदी असे. टांकसाळीत चांदी देऊन त्याबदली रुपये पाडून घेण्याची मुभा होती. त्यामुळे दागिना आणि नाणे यांच्या मोलात फारसे अंतर पडत नसे. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत मोठ्या प्रमाणावर दागिने आले, ते याच कारणाने. १८७३ नंतर जागतिक बाजारात चांदीची घसरण होऊ लागली. रुपयाचा विनिमय दर सावरण्यासाठी सरकारने १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या. नाण्याची किंमत कृत्रिमरीत्या वर राहिली. दागिन्यातील चांदी मात्र घसरत्या बाजारभावावर सोडली गेली. १८९९ च्या सुमारास एका रुपयाएवढ्या चांदीचे मोल जेमतेम दहा आणे उरले होते. त्याच वेळी १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला. सारा आणि सावकाराचे देणे रुपयांतच फेडावयाचे होते. ज्या ठेवीवर कुटुंबाची भिस्त होती, तिचे मोल संकटसमयीच घटलेले होते.

मोड आणि विश्वास :

या पार्श्वभूमीवर शुद्धतेचा अर्थ स्पष्ट होतो. दागिना घेतानाच्या घडणावळीपेक्षा मोडीच्या वेळी हाती काय येईल, हा प्रश्न ग्राहकाला अधिक महत्त्वाचा असे. मुशीत चांदी आटली की लबाडी लपत नाही. तांब्याची भेळ आणि सांधे जोडताना वापरलेला अतिरिक्त डाग ही घट सोसावी लागते ती मोडणाऱ्याला. बाजारभावावर रजतकाराची सत्ता चालत नव्हती. परंतु धातूचा कस त्याच्या हाती होता. मोडीत घट न येऊ देणे ही केवळ व्यापारी सचोटी नव्हती. अडल्या कुटुंबाच्या दृष्टीने ते आणखी काही दिवसांचे धान्य होते.

निष्कर्ष :

भारतात चांदीसाठी भारतीय मानक ब्युरोची हॉलमार्क योजना २००५ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी ग्राहकाचा आधार होता तो पेठेच्या लौकिकाचा. इंग्रजी घड्याळावर कारागिराचे नाव टिकले, खामगावच्या चांदीवर गावाचे नाव टिकले. पण या लौकिकाचे दुसरे अंगही लक्षात घेतले पाहिजे. दागिना मोडला म्हणजे तो वितळतो आणि त्यासोबत घडविणाऱ्याचे कौशल्यही नाहीसे होते. जितकी चांदी शुद्ध, तितकी ती मोडण्यास सोयीची; म्हणूनच या कारागिराच्या हातची जुनी कामे दुर्मीळ ठरतात. जिल्ह्यातील घराघरांत उरलेल्या जुन्या वस्तूंची छायाचित्रे, वजने व घडणीचे तपशील वेळीच नोंदविले गेले, तरच या अनाम कारागिराला स्थानिक इतिहासात त्याचे स्थान मिळू शकेल.