'पाकीजा'ची कच्ची कथा आणि मीनाकुमारी

'पाकीजा' चित्रपटाची गोष्ट कोणी सरळ सांगू लागले, तर ऐकणारा अर्ध्यावरच हसू लागेल. नर्गिस नावाची एक तवायफ एका खानदानी पुरुषाशी लग्न करते. त्याचे घराणे तिला दारातून परत पाठवते. ती कब्रस्तानात आश्रय घेते आणि तिथेच एका मुलीला जन्म देऊन मरते. मावशी त्या मुलीला कोठ्यावर वाढवते. बापाला पत्र मिळते, तेही कित्येक वर्षांनी. तो मुलीला शोधत येतो, तर मावशी तिला घेऊन रेल्वेने भोपाळला निघून जाते. त्याच डब्यात एक अनोळखी तरुण चुकून शिरतो, झोपलेल्या मुलीचे पाय पाहतो आणि चिठ्ठी ठेवून जातो. पुढे हत्ती नाव फोडतात आणि ती मोडकी नाव वाहत वाहत जाऊन नेमकी त्याच तरुणाच्या तंबूपाशी लागते. तो तरुण निघतो तिच्या बापाच्याच घराण्यातला!

इतके योगायोग एका कथेत कोंबले, तर शाळेच्या हस्तलिखितासाठीही आम्ही ती परत करू. तरी 1972 पासून आजपर्यंत हा चित्रपट लोक पाहत आले आहेत. जी कथा कागदावर उभी राहत नाही, ती पडद्यावर कशी उभी राहिली, हा प्रश्न आम्हाला फार दिवस छळतो आहे. या प्रश्नाला जोडूनच आणखी एक प्रश्न येतो. कथा वाचली, पण तिच्याबरोबर आणखी काय काय वाचले?

कमाल अमरोहींनी ही रीत शून्यातून काढली नव्हती. ज्याला 'मुस्लिम सोशल' म्हणतात, तो प्रकार आधीपासून चालत आलेला होता. मेहबूब खान यांचा 'नजमा' 1943 सालचा. त्यात अशोककुमार आणि वीणा होते. 1960 मध्ये गुरुदत्त यांनी निर्माण केलेला आणि एम. सादिक यांनी दिग्दर्शित केलेला 'चौदहवीं का चाँद' आला. एका निकाबाच्या गैरसमजावर अख्खा चित्रपट उभा! दोन जिवलग मित्र एकाच स्त्रीवर प्रेम करतात आणि ते त्यांना बराच काळ कळत नाही. दोघांपैकी एकाने एक साधा प्रश्न विचारला असता, तर दुसऱ्या रिळातच खेळ संपला असता. वहिदा रहमान, गुरुदत्त आणि रहमान यांनी मात्र तो प्रश्न आपल्याला सुचूच दिला नाही. 1963 च्या 'मेरे मेहबूब'मध्ये एच. एस. रवैल यांनी अलिगढच्या बुरख्यातले दोन डोळे दाखवले आणि त्या डोळ्यांवर तीन तास काढले. साधना आणि अशोककुमार नसते, नौशादचे संगीत नसते, तर त्या तीन तासांत हाती काय उरले असते?

अमरोही मुळात कलमाचे माणूस. 'मुगल-ए-आजम'च्या संवादलेखकांत त्यांचे नाव आहे. त्यामुळे त्यांना पटकथा जमत नव्हती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण 1949 च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाकडे, म्हणजे 'महल'कडे पाहा. त्यातल्या भुताचा शेवटी जो उलगडा होतो, तो कोणाही शहाण्या माणसाला पटणारा नाही. लक्षात राहते ती मधुबालाची छाया आणि तो अंधार. तो अंधार टिपणारा कॅमेरा जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा होता. बॉम्बे टॉकीजसाठी हा माणूस हिंदुस्थानात आला, महायुद्धात इंग्रजांच्या कैदेत राहिला आणि सुटल्यावर पुन्हा इथेच कामाला लागला. अमरोहींना प्रसंग दिसायचे आणि कान संवादाचा होता. प्रसंगांना जोडणारा धागा मात्र ते कच्चाच ठेवत. 'पाकीजा'साठी त्यांनी पुन्हा विर्शिंगलाच घेतले.

1956 मध्ये काम सुरू झाले. सुरुवातीला चित्रपट काळापांढरा होता, मग रंगीत झाला, मग सिनेमास्कोप आला म्हणून पुन्हा नव्याने चित्रण. 1964 मध्ये अमरोही आणि मीनाकुमारी हे पतीपत्नी वेगळे झाले आणि काम बंद पडले. 1967 मध्ये विर्शिंग गेले. 1968 मध्ये संगीतकार गुलाम मोहम्मद गेले. त्यांचे राहिलेले काम नौशादनी पूर्ण केले. 1969 मध्ये पुन्हा कॅमेरा सुरू झाला, तेव्हा मीनाकुमारी यकृताच्या आजाराने खंगलेली होती. काही नृत्यांत तिच्या जागी पद्मा खन्नाला उभे करावे लागले.

एवढ्या खंडानंतर चित्रपटाची गोधडी व्हायला हवी होती. एका प्रसंगात नायिका भरल्या चेहऱ्याची तरुणी दिसते, तर दुसऱ्यात डोळ्यांखाली थकवा उतरलेली बाई. हा दोषच आहे. पण साहिबजानची गोष्ट वाट पाहण्याची आहे. ती वर्षानुवर्षे कोणाची तरी वाट पाहते आहे, हे पटकथेने नीट सांगितलेले नाही. ते नटीच्या चेहऱ्यावरच्या खऱ्या वर्षांनी सांगून टाकले.

चिठ्ठीचाच प्रसंग घ्या. आम्ही वर्गात पत्रलेखन शिकवतो. या चिठ्ठीला नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. पाच गुणांपैकी एकही देता येणार नाही. तुमचे पाय सुंदर आहेत, ते जमिनीवर ठेवू नका, एवढाच मजकूर. एका झोपलेल्या परक्या स्त्रीच्या पायांशी असे लिहून ठेवणे याला दुसऱ्या कोणत्याही नटाच्या तोंडी उद्धटपणा म्हटले असते. राजकुमारच्या आवाजात ती अदब वाटते. नंतर मीनाकुमारी ती चिठ्ठी ज्या तऱ्हेने जपते, त्यावरून कळते की आजवर या बाईशी कोणी किंमत न विचारता बोललेलेच नाही. तिची मैत्रीण तिला जमिनीवर आणते. त्या वेळी तुझ्या पायांत घुंगरू नसतील, म्हणजे हा निरोप तुझ्यासाठी नव्हताच, अशा अर्थाचे ती बोलते. इथे मीनाकुमारी फारसे काही करत नाही, रडतही नाही. पुढे रात्री रेल्वेची शिट्टी ऐकू आली की ती मान वळवते, बस्स. अमरोहींनी ती शिट्टी पुन्हा पुन्हा वाजवली आणि कथेचा तुटका धागा आवाजाने जोडून घेतला.

दुसरा प्रसंग निकाहचा. सलीम मौलवींना मुलीचे नाव 'पाकीजा' सांगतो. मौलवी रिवाजाप्रमाणे तिला कबुली विचारतात, आणि ती 'नाही' म्हणून किंचाळत पळत सुटते. आमच्या मते सगळ्या पटकथेतली ही एकमेव खरीखुरी मुस्लिम जागा आहे. झुंबरे, पानदाने, आदाब ही नुसती सजावट. वधूची संमती मात्र निकाहचा गाभा. जिला आयुष्यात कोणी 'तुझी मर्जी काय' असे विचारले नाही, तिला पहिल्यांदा विचारले जाते आणि ते तिला सोसत नाही. लेखक अमरोहींनी ही जागा हेरली आणि नटीने तिचे सोने केले. उरलेल्या कथेत असे आणखी दोन-तीन प्रसंग असते, तर योगायोगांची गरजच पडली नसती.

'नजमा'तले नायक-नायिका इथे बाप आणि मावशी होऊन येतात, हेही सांगायला हवे. शेवटी काचांवर नाचून रक्ताळलेल्या पायांनी साहिबजान उभी असते आणि वीणा अशोककुमारला हाका मारून ही तुझीच मुलगी आहे हे सांगते. अशा हाका आपण शंभर चित्रपटांत ऐकल्या आहेत. वीणाच्या आवाजातला संताप खरा वाटतो, म्हणून इथे अंगावर काटा येतो.

आता दुसरा प्रश्न. ज्या अभिनयाने ही कथा तारली, त्यानेच तिच्यातले खोटेपणही खरे करून टाकले. मुसलमान म्हणजे नवाब, नाहीतर तवायफ. त्यांचे घर म्हणजे कमानी, नाहीतर कोठा. सलीम वनअधिकारी आहे, पण त्याचे कार्यालय, फायली, पगार काही दिसत नाही. नदीकाठी तंबू हवा म्हणून त्याला ती नोकरी दिली आहे. आमच्या मोहल्ल्यातला यंत्रमागवाला, कोकणातला खलाशी, एस.टी.चा चालक या पडद्यावर कुठे आहे? आमच्या शाळेतली मुले 'हौ' आणि 'नक्को' म्हणत मोठी होतात. घरी मराठीही बोलतात. तरी नव्या ठिकाणी बदली झाली की शेजारी कौतुकाने विचारतात, "तुमच्याकडे घरातही असं नजाकतीनं बोलतात ना?" विचारणाऱ्याचा दोष नाही. मीनाकुमारीने इतक्या ताकदीने पटवून दिलेली गोष्ट ते कशी विसरणार? आम्ही स्वतःसुद्धा ती पाहताना मनातल्या मनात लखनौला जाऊन बसतो. हलका अभिनय असता तर कथेबरोबर हे चित्रही पुसले गेले असते.

दोनच वर्षांनी, 1974 मध्ये, एम. एस. सथ्यू यांचा 'गर्म हवा' आला. इस्मत चुगताई यांची कथा, कैफी आझमी आणि शमा जैदी यांचे लेखन. त्यातला सलीम मिर्झा आग्र्यात जोडे बनवतो. त्याला कर्ज मिळत नाही, राहायला घर मिळत नाही. इथे बलराज साहनींना कथा खांद्यावर उचलून न्यावी लागली नाही. कथाच त्यांना घेऊन चालते. प्रदर्शनापूर्वीच, 1973 मध्ये, साहनी वारले. 'गर्म हवा'चे नाव आदराने सगळे घेतात, पण आमच्या घरांतून कॅसेट आणि सीडी फिरल्या त्या 'पाकीजा'च्या.

'पाकीजा' 4 फेब्रुवारी 1972 रोजी मुंबईत मराठा मंदिरमध्ये लागला. सुरुवातीला समीक्षक फारसे खूश नव्हते. 31 मार्चला मीनाकुमारीचे निधन झाले. तिला माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात दफन केले. त्यानंतर थिएटरांवर जी गर्दी झाली, तिच्यात हळहळ किती आणि कलेची जाण किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. फिल्मफेअरचे पारितोषिक चित्रपटाला एकच मिळाले, तेही कला दिग्दर्शनाचे, एन. बी. कुलकर्णी यांना. ज्या कमानी आणि झुंबरांबद्दल आम्ही एवढी तक्रार केली, ती त्यांनी उभी केलेली. गुलाम मोहम्मद यांना डावलले म्हणून प्राण यांनी 'बेईमान'साठीचे आपले पारितोषिक नाकारले.

चित्रपटाच्या शेवटी वरात कोठ्यावर येते आणि साहिबजान डोलीतून निघते. त्या गर्दीत कोठ्यावरची एक कोवळी मुलगी ती वरात पाहत असलेली दिसते. ती कोण, तिचे पुढे काय होणार, याविषयी कथेत एक अक्षर नाही. कागदावर हा प्रसंग गाळला असता तरी कोणाला कळले नसते. अमरोहींनी कॅमेरा तिच्यावर नेला आहे.