पोस्टातले हडसन आणि नखाएवढे पतंग

न्यूझीलंड म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते, फार तर किवी पक्षी. मला अलीकडे तिथल्या ओल्या रानातले पतंग आठवतात. पंख पसरले तरी साधारण एक सेंटिमीटर भरतील एवढेच, आणि उडतात ते दिवसा. नेसार्कीइडी हे त्यांचे कुळ जगात दुसरीकडे कुठेही नाही. अळ्या शेवाळात रेशमाचे बोगदे विणून राहतात. शेवाळ आणि कुजका पाला हेच त्यांचे अन्न. पावसाळ्यात आपल्या चिऱ्याच्या गडग्यावर चढतो ना, तसल्या हिरव्या थरात हे सगळे कुळ दडलेले!

१८८५ साली एडवर्ड मेरिक या इंग्रज शाळामास्तरांनी त्यांचा वेगळा गट मांडला. पण मला ओढ वाटते ती जॉर्ज व्हर्नन हडसन यांची. जन्म लंडनचा, १८६७ चा. १८८१ साली ते न्यूझीलंडला आले आणि पुढे वेलिंग्टनच्या पोस्टात चिकटले. नोकरी पाळीची, त्यामुळे दिवसाउजेडी मोकळे तास हाती यायचे. ते सारे किड्यांमागे गेले. उजेड पुरेना, म्हणून १८९५ साली तिथल्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्यांनी सुचवले, की उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे करा. लोकांनी थट्टा केली. लिस्बनला वा लंडनला ज्यांची माणसे आहेत त्यांना वर्षातून दोनदा फोनची वेळ बदलावी लागते. ही कल्पना रीतसर मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत हे किडेवेडे पोस्टवाले होते. १९२८ साली न्यूझीलंडच्या फुलपाखरांवर आणि पतंगांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. चित्रे स्वतःच काढलेली. पगारी शास्त्रज्ञ ते कधीच नव्हते, हे मला फार मोठे वाटते.

त्या काळात आल्फ्रेड फिलपॉट यांनीही या कुळातल्या काही जातींना नावे दिली. तरी एकूण जाती सातच ठाऊक होत्या. लहान किड्याकडे कोण बघतो? २०१९ साली जॉर्ज गिब्ज यांनी सगळे कुळ नव्याने तपासले, तेव्हा आकडा चौदावर गेला. नव्या सातांतल्या एकीचे नाव फिलपोट्टी, दुसरीचे हडसोनी.

हे गिब्ज म्हणजे हडसन यांच्या मुलीचे चिरंजीव.