लोकलची गर्दी आणि चार बिंदू

वसई-विरारकरांचा दिवस कसा जातो, हा प्रश्न मोबाइलपेक्षा जुना आहे. १८६७ मध्ये विरार ते मुंबईतलं बॅकबे अशी गाडी सुरू झाली. पण वेळापत्रक गाडीची वेळ सांगतं, प्रवाशाचा दिवस नाही. २०११ च्या जनगणनेने कामाच्या जागेचं अंतर आणि प्रवासाचं साधन विचारलं. निघायची वेळ, वाटेतले थांबे मात्र सुटलेच.

१९७० मध्ये स्वीडिश भूगोलतज्ज्ञ टोर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी माणसाचा दिवस जागा आणि वेळ यांतून जाणारी एक रेषा म्हणून पाहायला शिकवलं. अशा रेषा लाखांनी हाती आल्या त्या मोबाइलमुळे. २००८ मध्ये गोन्झालेझ, हिडाल्गो आणि बाराबाशी यांनी एक लाख ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. माणसं पुन्हा पुन्हा त्याच मोजक्या ठिकाणी परततात, असं दिसलं. म्हणूनच रात्रीची जागा घर, दिवसाची जागा काम, असा अंदाज बांधता येतो.

अडचण इथेच आहे. २०१३ मध्ये द मोंजॉय आणि सहकाऱ्यांनी पंधरा लाख लोकांच्या नोंदींवरून दाखवलं, की जागा-वेळेचे चार बिंदू ९५ टक्के माणसं वेगळी ओळखायला पुरतात. तेही टॉवरच्या नोंदींवर. स्मार्टफोनचं जीपीएस त्याहून बारीक. विरार लोकलच्या गर्दीत हरवणारा माणूस डेटात हरवत नाही.

म्हणून नुसती नावं काढून भागत नाही. आराखडा लिहितानाच ठरवा: प्रश्नाचं उत्तर प्रभागापर्यंत मिळत असेल, तर घरापर्यंत जायचं नाही.