सेटअप संपला, पण दार उघडंच राहिलं

माझा पीएचडीचा विषय सॉफ्टवेअर सुरक्षेचा इतिहास आहे, असं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "त्यात इतिहास कसला? परवाचीच तर गोष्ट!" पण परवाच्या गोष्टीचा इतिहास लिहिणंच जास्त अवघड जातं. आज एक छोटं प्रकरण घेऊ. माझ्या पहिल्या मसुद्यात मी ते चक्क चुकीचं लिहिलं होतं, म्हणून मुद्दाम हेच.

प्रकरण आहे टेलेरिक रिपोर्ट सर्व्हरचं, साल २०२४. प्रोग्रेस कंपनीचं हे सॉफ्टवेअर. विक्री, साठा, हिशेब यांचे अहवाल तयार करायचे, ठरलेल्या वेळी ज्याचे त्याला पाठवायचे, हे त्याचं काम. दिसायला साधं, पण अहवाल बनवायचा म्हणजे डेटाबेसशी जोडणी आलीच. त्यामुळे या सर्व्हरचा ॲडमिन ज्याच्या हातात, त्याच्या हातात बऱ्याच चाव्या येतात.

आता दोष काय होता ते बघू. असं सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवलं की एक सेटअपचं पान उघडतं आणि तिथे पहिला ॲडमिन तयार करायचा असतो. या पानाला लॉगिन नसतं, कारण लॉगिन करायला अजून कुणी वापरकर्ताच नसतो. इथवर सगळं ठीक. सेटअप झाल्यावर मात्र हा रस्ता बंद व्हायला हवा. इथे तो झालाच नाही. नवीन खातं बनवणारा कोड 'सेटअप आधीच पूर्ण झालाय का?' हे विचारतच नव्हता. सर्व्हरपर्यंत पोचू शकणारा कुणीही स्वतःला ॲडमिन करून घेऊ शकत होता. क्रमांक सीव्हीई-२०२४-४३५८, गंभीरता १० पैकी ९.८.

माझ्या मसुद्यात होतं ते एवढंच: "दोष सापडला, कंपनीने १०.१.२४.५१४ ही आवृत्ती दिली, प्रश्न सुटला." गाइड मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "हा इतिहास कुणाचा लिहिलायस? कंपनीचा की सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा?" मला उत्तर देता आलं नाही. परत कागद काढून बसलो.

मग पहिली गोष्ट दिसली ती ही, की गोष्ट या दोषापासून सुरूच होत नाही. आधी एक दोष होता, सीव्हीई-२०२४-१८००. त्यातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता, पण त्यासाठी लॉगिन लागत होतं. तो १०.०.२४.३०५ या आवृत्तीत दुरुस्त झाला. 'लॉगिन असलेल्यालाच जमेल ना, मग बघू सावकाश' असं वाटणं साहजिक आहे. सिना खेरखाह या संशोधकाने नेमकी ही लॉगिनची अटच काढून टाकणारा रस्ता शोधला, तो म्हणजे ४३५८. जिथे जुनी आवृत्ती तशीच होती, तिथे दोन्ही दोष एकामागोमाग एक वापरून बाहेरचा माणूस थेट आत. पहिल्या दोषाची 'लॉगिन लागतं' ही नोंद तेव्हा खरीच होती, पण काही महिन्यांत तिचा अर्थ बदलला.

दुसरी गोष्ट कंपनीच्या सूचनापत्रातच होती आणि मी ती वाचून पुढे गेलो होतो. त्यात तीन कामं सांगितली होती. आवृत्ती अद्ययावत करा. ते लगेच जमत नसेल तर आयआयएस वेब सर्व्हरमध्ये नियम घालून नोंदणीचा तो पत्ता अडवा. आणि वापरकर्त्यांची यादी उघडून अनोळखी नाव दिसतंय का ते बघा. हे तिसरं काम सर्वांत महत्त्वाचं, कारण पॅच दार लावतो, आत येऊन बसलेल्याला बाहेर काढत नाही. पॅचच्या आधी कुणी ॲडमिन खातं बनवून ठेवलं असेल, तर पॅचनंतरही ते खातं अगदी रीतसर चालतं.

ही नुसती शंका नव्हती. जून २०२४ च्या सुरुवातीला खेरखाहचं सविस्तर विवेचन आणि चालणारा नमुना प्रसिद्ध झाला. १३ जूनला अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने हा दोष 'प्रत्यक्ष वापरले गेलेले दोष' या यादीत घातला आणि तिथल्या केंद्रीय खात्यांना ४ जुलैपर्यंत मुदत दिली.

ज्यांना संशोधन करायचंय त्यांच्यासाठी पुढचा भाग. हे प्रकरण एकटं आहे का? जुलै २०२३ मध्ये मेटाबेस या अहवालाच्याच सॉफ्टवेअरमध्ये, सेटअपनंतर पुसली जायला हवी ती किल्ली तशीच राहिल्याचं आणि लॉगिनशिवाय वाचता येत असल्याचं उघड झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॉन्फ्लुएन्स: तिथे 'सेटअप अजून व्हायचाय' असं सर्व्हरला पटवता येत होतं. जानेवारी २०२४ मध्ये गोएनीव्हेअर, फेब्रुवारीत स्क्रीनकनेक्ट. सगळीकडे तेच, संपलेल्या सेटअपचं उघडं दार.

पण हे कुटुंब कॅटलॉगमध्ये शोधायला जाल तर एकत्र सापडणार नाही. टेलेरिकचा दोष 'खोटी ओळख दाखवणे' या खान्यात, स्क्रीनकनेक्टचा 'पर्यायी मार्ग' मध्ये, गोएनीव्हेअरचा 'थेट पत्त्यावर जाणे' मध्ये. फक्त खान्यांवरून आकडे मोजले तर हे नातं हातून निसटतं. मूळ तत्त्व जुनंच आहे. प्रत्येक वेळी, प्रत्येक गोष्टीसाठी परवानगी तपासली पाहिजे, हे सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं. सेटअपचं पान हा 'एकदाच लागणारा' अपवाद म्हणून लिहिलं जातं, आणि अपवाद पुन्हा तपासायला कुणी जात नाही.

तारखांचंही तसंच. कॉन्फ्लुएन्सची सूचना आली ४ ऑक्टोबर २०२३ ला. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार हल्ले १४ सप्टेंबरपासून चालू होते. म्हणजे सूचना आली त्याच दिवशी धावपळ करून पॅच लावणाऱ्यालाही मागचे वीस दिवस तपासणं भागच होतं.

आता मी प्रत्येक दोषासाठी वहीत चार रकाने आखतो: दोष कोडमध्ये कधी आला, दुरुस्ती कधी मिळाली, जगाला कधी कळलं, वापर कधीपासून झाला. बऱ्याचदा पहिला आणि चौथा रकाना रिकामा राहतो. तो रिकामाच ठेवायचा. दुरुस्तीची तारीख तिथे ढकलून द्यायचा मोह होतो, मी तेच केलं होतं. मसुदा परत दिला तेव्हा 'प्रश्न सुटला' हे शब्द खोडून तिथे लिहिलं होतं: "दार लागलं. आत कोण होतं, ते ज्याने त्याने आपली यादी उघडून बघायचं होतं."