समुद्री माशाला गोड्या पाण्याची डुबकी कशी द्यायची? तळ्यातल्या मिठाच्या आंघोळीशी तिचं काय नातं?

चंद्रपूर-गडचिरोलीत मासा म्हटलं की मामा तलाव आठवतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, शेतातल्या बोड्या, आणि पावसाळ्यात सोडलं जाणारं रोहू, कतला, मृगलचं बीज. समुद्र इथून शेकडो किलोमीटरवर. तरीही आता इथल्या एखाद्या घरात काचेच्या टाकीत क्लाउनफिश दिसू शकतो. लांबचा प्रवास करून आलेल्या अशा माशाला टाकीत सोडण्याआधी गोड्या पाण्यात बुडवून काढायचं, असं रील्समध्ये सांगतात. त्यात तथ्य आहे, पण रीलमध्ये सांगतात तेवढं सोपं ते नाही.

तळ्यात बोटुकली सोडताना मिठाच्या पाण्याची आंघोळ देतात, ही त्याचीच उलटी बाजू. लिटरला २० ते ३० ग्रॅम मीठ, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत २०० ते ३०० ग्रॅम. बोटुकली जाळीत धरून काही मिनिटं त्यात ठेवायची आणि अस्वस्थ दिसली की लगेच काढायची. गोड्या पाण्यातल्या परजीवींना एवढा खारटपणा सोसत नाही. समुद्री परजीवींचं याच्या उलट. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तिथला चपटा कृमी एकदम गोड्या पाण्यात आला की त्याच्या अंगात पाणी घुसतं, तो फुगतो, पांढरा पडतो आणि गळून पडतो. माशाला खवले आहेत, अंगावर चिकट स्राव आहे, मूत्रपिंडं आहेत. त्यामुळे तो काही मिनिटं तग धरतो. सगळा उपचार या काही मिनिटांच्या फरकावर चालतो.

म्हणूनच खारटपणा हळूहळू कमी करत नेऊ नका. तो बदल अचानकच व्हायला हवा. तापमान आणि पीएच मात्र टाकीशी तंतोतंत जुळले पाहिजेत, आणि बहुतेक मासे मरतात ते इथेच.

पाणी कुठलं?

आरओचं पाणी सगळ्यात बरं. नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध घालावंच लागेल. बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, शिवाय पीएच काय असेल ते आधी सांगता येत नाही. आरओच्या पाण्याचा पीएच समुद्री टाकीपेक्षा बराच कमी असतो. तो ८.० ते ८.३ वर आणायला चिमूटचिमूट खायचा सोडा घाला आणि टेस्ट किटने मोजत राहा. धुण्याचा सोडा चालत नाही. मग एअर पंप लावून किमान अर्धा तास बुडबुडे सोडा, डुबकीच्या वेळीही पंप चालू ठेवा. मे महिन्यात चंद्रपूरच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, म्हणून थर्मामीटरशिवाय हे काम करूच नका. फरक एका अंशाच्या आत हवा.

किती वेळ?

साधारण ३ ते ५ मिनिटं. पहिल्या मिनिटात मासा आडवा पडतो किंवा निपचित होतो. ते बघून घाबरायला होतं, पण बऱ्याचदा तो धक्क्यातून सावरतो. मात्र तो जोरात आपटू लागला, उड्या मारू लागला किंवा कल्ल्यांची हालचाल थांबली, तर मिनिटं न मोजता बाहेर काढा. बाजूला बसून पूर्ण वेळ लक्ष ठेवायचं, फोन उचलायचा नाही. नंतर बादलीचा तळ बघा. तीळभर पांढरे ठिपके दिसले तर ते गळलेले कृमी. ते पाणी टाकीत ओतू नका.

प्रवासाने आधीच धापा टाकणाऱ्या माशाला लगेच डुबकी देऊ नये. मँडरिनसारखे नाजूक मासे यात दगावण्याचा धोका जास्त. झिंगे, अ‍ॅनिमोन, कोरल यांना तर कधीच नाही. (समुद्रघोडा घरात ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडा. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.)

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यानं जातो का?

नाही. सर्वाधिक पसरलेला गैरसमज हाच आहे. समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या त्वचेखाली बसतो, तिथे गोडं पाणी पोचत नाही. कृमींची अंडीही डुबकीने मरत नाहीत. पुढे त्यांतून नवे कृमी निघतात. म्हणून डुबकीनंतर मासा मुख्य टाकीत नको. वेगळ्या टाकीत किमान चार आठवडे ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवा. ठिपके दिसले तर तांब्याच्या औषधासारखा वेगळा उपचार लागतो, आणि मुख्य टाकीत रोग शिरलाच तर ती साधारण अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. वेगळ्या टाकीचा खर्च टाळण्यासाठी म्हणून डुबकी देणार असाल, तर त्यापेक्षा मासा न आणलेलाच बरा.