उषःकालापासून ग्रहणापर्यंत

नांदुऱ्यास आमच्या वडिलोपार्जित घरीं पुस्तकांची एक जुनी पेटी होती. तींत हरि नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’ व ‘सूर्यग्रहण’ या तीन कादंबऱ्या एकाच फडक्यांत बांधलेल्या असत. नांवें पाहतांच कोणाचीहि अशी समजूत व्हावी कीं, हरिभाऊंनीं शिवकालाचा सबंध दिवस आधींच आंखून ठेविला होता. आमचीहि बरींच वर्षें तशीच समजूत होती. पुढें सालें जुळवून पाहिलीं, तों ती डळमळूं लागली.

‘उषःकाल’ १८९५ ते १८९७ या काळांत ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः आली. ‘सूर्योदय’ निघाली १९०५ सालीं. मध्यंतरीं, १९०३ मध्यें, ‘गड आला पण सिंह गेला’ सुरू झाली. म्हणजे १६७० चा सिंहगड आधीं आणि १६५९ चा अफजलखान मागाहून! आराखडा प्रथमपासून तयार असता, तर लेखक असा उलटा चालला असता काय?

आमचें मत असें कीं, योजना हातीं पुस्तक असतांनाच हळूहळू सुचत गेली. साप्ताहिकाच्या लेखकास पुढल्या आठवड्याचें प्रकरण सुचलें तरी पुष्कळ. यांत कमीपणा नाहीं. एकाच पात्रांस निरनिराळ्या कादंबऱ्यांत पुन्हा आणण्याची युक्ति बाल्झाकलाहि बरींच पुस्तकें लिहून झाल्यावर, १८३४ च्या सुमारास, साधली. शिवाय ऐतिहासिक कादंबरीकाराला शेवट योजावा लागत नाहीं. अफजलखान मरणार हें शाळकरी पोरासहि ठाऊक असतें. योजावीं लागतात तीं घटनांच्या मधलीं माणसें. विजापूरचें मीठ खाल्लेला वृद्ध किल्लेदार रंगराव आप्पा आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा त्याचा पुत्र नानासाहेब, यांच्या तेढींतच ‘उषःकाला’चा जीव आहे. पुढें नाथमाधवांनीं ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ असा क्रम धरून अधिक पद्धतशीर माला रचिली. तिची शिस्त आम्हांस मान्य आहे. गोडी मात्र हरिभाऊंची.

‘सूर्यग्रहण’ १९०९ मध्यें अपुरीच राहिली. हरिभाऊ त्यानंतर दहा वर्षें हयात होते, पण ग्रहण सुटलें नाहीं. आमच्या आजीला हें ठाऊक नव्हतें. आम्ही पुण्यास शिकावयास गेलों, तेव्हांपासून सुटींत घरीं येतांच तिचा पहिला प्रश्न असे, “काय रे, पुढचा भाग भेटला का?” तो भाग लिहिलाच गेला नाहीं, हें सांगण्याचा धीर आम्हांस तीन वर्षें झाला नाहीं. “शोधतों आहें,” असें आम्ही म्हणत असूं.