साखरेचा साज

पदार्थ गोड करणे आणि पदार्थ गोडाने नटविणे या दोन निराळ्या कला होत. पहिलीत साखर पदार्थाच्या पोटात शिरते, दुसरीत ती त्याच्या अंगावर चढते. बिस्किटावर शुभ्र साखरेची नक्षी काढावयाची तर अंड्यावाचून गत्यंतर नाही, असा समज बेकरीच्या पदार्थांबरोबर आपल्याकडे आला आणि रुजला. तो इतिहासाला धरून नाही. साखरेचा लेप घट्ट कसा बसवावा, याचे ज्ञान या देशातील गृहिणीला आणि हलवायाला फार पूर्वीपासून होते, आणि त्या ज्ञानात अंड्याला स्थान नव्हते.

उसाच्या रसाचे रवे करण्याची विद्या मूळची भारताची. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा असे उसाचे निरनिराळे पाक सांगितले आहेत. यांतील ‘शर्करा’ हा शब्द फारसी व अरबी भाषांतून प्रवास करीत युरोपात पोहोचला आणि इंग्रजांचा ‘शुगर’ झाला. ‘खण्ड’ या शब्दाचा त्याच वाटेने ‘कँडी’ झाला. वस्तू गेली, तिचे नावही गेले. मात्र ती वस्तू नटण्यासाठी वापरण्याची रीत प्रत्येक देशाने आपापली घडविली.

इंग्लंडने ती अंड्याच्या आधाराने घडविली. एलिझाबेथ रॅफल्ड या बाईंनी १७६९ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर द्यावयाच्या साखरेच्या लेपाची कृती आहे. तीत अंड्याचा पांढरा भाग फेसून त्यात बारीक कुटलेली साखर घालावयास सांगितले आहे. अंड्यातील प्रथिने हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवतात, साखरेच्या कणांना एकत्र बांधतात आणि सुकल्यावर कठीण होतात. लेप पांढराशुभ्र दिसतो व काढलेली रेघ जागची हलत नाही, ती यामुळे. अंड्याचे काम एवढेच. ते काम दुसऱ्या उपायाने साधता आले, तर अंड्याची गरज उरत नाही.

महाराष्ट्रात हा दुसरा उपाय संक्रांतीच्या हलव्यात पाहावयास मिळतो. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन ती मंद निखाऱ्यावर ठेवावयाची, थेंब थेंब पाक सोडावयाचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवीत राहावयाचे. प्रत्येक वेळी पाकातील पाणी उडून जाते आणि साखरेचा एक अतिशय पातळ थर दाण्यावर बसतो. असे कित्येक थर चढले म्हणजे दाण्याला काटा फुटतो. पौषातील कोरडी थंडी या कामाला मानवते; हवा दमट असली, की काटा धरत नाही. चटके सोसणारी बोटे आणि न कंटाळणारे मन, एवढेच या कलेचे भांडवल. अशा हलव्याचे हार, बांगड्या आणि बाजूबंद करून नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला घालतात; बोरनहाणात बालकालाही त्यांनी सजवितात. साखरेने माणसालाच नटविणाऱ्या या समाजाला बिस्किट नटविणे अवघड वाटावे, याचे कारण नाही.

महाराष्ट्राच्या पूर्वेस, शिवनाथ नदीच्या काठी वसलेल्या दुर्गच्या परिसरात याच विद्येचे आणखी एक रूप आढळते. छत्तीसगडात गहू आणि तांदूळ यांच्या पिठाची ‘पपची’ करतात. मोहन घालून पीठ घट्ट मळावयाचे, जाडसर वड्या मंद आचेवर तळावयाच्या आणि मग त्या घट्ट पाकात घोळावयाच्या. निवाल्यावर पाक गोठतो आणि खुसखुशीत वडीवर साखरेचे पांढुरके कवच चढते. मराठी घरांतील पाकातल्या चिरोट्यांशी तिचे नाते कोणाच्याही लक्षात येईल. या दोन प्रदेशांचा संबंधही नवा नव्हे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा छत्तीसगडात उतरल्या. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहू लागले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत हा मुलूख त्या घराण्याकडे होता. दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९०६ साली, नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात.

पुढे १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार होऊन याच जिल्ह्यात भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. भारताच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे तेथे शेजारी शेजारी राहू लागली. अशा वसाहतीत खाद्याची देवघेव हा केवळ जिभेचा प्रश्न राहत नाही. कोणी अंडे खातो, कोणी खात नाही, कोणी चातुर्मासात वर्ज्य करतो. शेजारच्या घरी पाठविलेली बशी तशीच परत आली, तर दोन्ही घरांना त्याचे दुःख होते. सर्वांना निःशंकपणे उचलता येईल असा खाऊ करणे, हा शेजारधर्माचाच भाग ठरतो.

अशा अडचणीतून नवे पदार्थ जन्मास आल्याची उदाहरणे आहेत. डच व्यापारी सुरत सोडून गेल्यावर त्यांची भट्टी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली आणि अंडी व ताडी वगळून त्यांनी जी बिस्किटे केली त्यांतून नानकटाई निघाली, असे सुरतेत परंपरेने सांगतात. इंग्लंडातही १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने आपल्या पत्नीला अंडे सोसत नाही म्हणून मक्याच्या पिठाचे, बिनअंड्याचे कस्टर्ड तयार केले. एकाला धर्माने वाट दाखविली, दुसऱ्याला प्रेमाने.

बिनअंड्याच्या लेपाला हवी असते ती अतिशय बारीक आणि पांढरी साखर. १९३२ साली देशी साखरधंद्याला संरक्षण मिळाले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. ऊस पिकविणारा शेतकरीच साखरेचाही धनी झाला, ही घटना महाराष्ट्राच्या इतिहासात मोठी आहे.

लेपाची कृती मात्र अगदी साधी आहे. एक वाटी, म्हणजे सुमारे १२० ग्रॅम, पिठीसाखर बारीक चाळणीने दोनदा चाळावी. साखर घरी दळली असेल, तर तीत चहाचा एक चमचा मक्याचे पीठ मिसळावे. म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग तीन चमचे निवालेले दूध घालून घोटावे आणि पुढे थेंबाथेंबाने वाढवावे. दुधाऐवजी पाणी घेतल्यास थोडा लिंबाचा रस घालावा. त्याने गोडीचा अतिरेक कमी होतो. रंगासाठी केशर किंवा बिटाचा रस पुरतो. रांगोळीत आधी रेषा ओढतात आणि मग रंग भरतात, तोच क्रम येथे पाळावा. रेषेसाठी लेप घट्ट असावा आणि तो मेंदीच्या कोनासारख्या कागदी कोनातून सोडावा. भरण्यासाठी तो इतका सैल करावा, की चमच्यावरून पडलेली धार दहा-पंधरा सेकंदांत मिसळून जाईल. बिस्किट पूर्ण निवलेले असावे, अन्यथा लेप वितळून ओघळतो. सुकण्यास काही तास द्यावेत, आणि पावसाळ्यात अधिक. हलवा करणाऱ्या हातांना हे सांगावे लागत नाही.

हा लेप अंड्याच्या लेपाइतका कठीण होत नाही, हे खरे. परंतु त्यात कच्चे अंडे नसल्याने त्यापासून होणाऱ्या रोगाचे भय नाही, आणि ज्या बालकाला अंडे बाधते त्यालाही तो खाता येतो. व्रत पाळणारी आजी आणि पथ्य पाळणारा नातू यांना एकाच ताटातून उचलता यावे, एवढे सामर्थ्य वाटीभर साखरेत आणि तीन चमचे दुधात आहे.